जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीचा गंज घरी दुरुस्त करताना: खानदेशातल्या मालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एमजी, ट्रायम्फ, ऑस्टिन-हीली अशा गाड्या जळगाव, धुळे, नंदुरबारकडे फार थोड्या आहेत. ज्यांच्याकडे आहेत त्यांचे प्रश्न मात्र बहुतेक तेच असतात. इंजिनाचं काम करणारा मिस्त्री इथे सहज सापडतो. गंजाचं काम अडतं, कारण ते सावकाश आणि किचकट आहे आणि गॅरेजवाल्याला त्यात फारसं सुटत नाही. म्हणून ते घरी करायची वेळ येते. हे काम घरी नीट होऊ शकतं, पण कुठून सुरुवात करायची आणि कुठे हात लावायचा नाही हे आधी ठाऊक हवं.

ही माहिती कोणत्या गाड्यांना लागू पडते?

मुख्यतः एमजीबी (१९६२ ते १९८०), एमजी मिजेट, ऑस्टिन-हीली स्प्राइट आणि ट्रायम्फ स्पिटफायर (१९६२ ते १९८०) यांना. पहिल्या तिघींना वेगळी चासी नाही. पत्र्याच्या पेट्या एकमेकींना जोडून गाडीची ताकद तयार केलेली आहे. स्पिटफायरला चासी आहे.

तुमच्याकडे स्टँडर्ड हेराल्ड असेल तरी वाचा. मद्रासला बनलेली ही गाडी मूळची ट्रायम्फ हेराल्ड, आणि स्पिटफायर याच हेराल्डची चासी आखूड करून उभी राहिली. दोन्हींचं डिझाइन इटलीच्या मिकेलोत्तीचं. आपल्याकडच्या जुन्या मिस्त्र्यांचा हात हेराल्डवर बसलेला आहे. स्पिटफायरवाल्यांनी त्या अनुभवाचा जरूर फायदा घ्यावा.

खानदेश तर कोरडा. इथे गाडी एवढी गंजतेच कशी?

एप्रिल-मेमध्ये उघडी लोखंडी पट्टी अंगणात टाकली तर आठवडाभर तिला काही होत नाही, हे खरं. गंजाला पाणी आणि हवा दोन्ही लागतात, आणि क्षार मिळाले की तो झपाट्याने वाढतो. इंग्लंडमध्ये हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकतात. या गाड्या तिकडे सडल्या त्या त्यामुळे. आपल्याकडे आलेल्या बऱ्याच गाड्यांनी आधी मुंबईची खारी हवा खाल्लेली असते, म्हणजे गंज गावात येतानाच पोटात घेऊन येतात.

पुढची भर आपण घालतो. पहिली काळ्या मातीची. ती चाकाच्या कमानीत, मडगार्डच्या आत, सिलच्या (दाराखालच्या लांब पेटीच्या) टोकाला थापून बसते. वरून वाळलेली दिसते, पण आत ओल धरून असते. पावसाळ्यात शेतरस्त्यावर एकदा नेलेल्या गाडीच्या कमानीत दिवाळीला बोट घाला, दमट लागेल.

दुसरी भर खताच्या गोडाऊनची. जागा मोकळी असते म्हणून गाडी मळ्यातल्या शेडमध्ये लावतात आणि शेजारी पोटॅशची थप्पी असते. केळीला पोटॅश भरपूर लागतं, त्यामुळे रावेर-यावल पट्ट्यात हे सर्रास दिसतं. म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. ते हवेतली ओल ओढून घेतं आणि त्यातलं क्लोराइड लोखंडावर मिठासारखंच काम करतं. गाडी आणि खत एका छताखाली ठेवू नका. गोठ्याशेजारीही नको.

गंज वरवरचा आहे की आत गेलाय, हे कसं ओळखायचं?

रंगावर फोड दिसला तर तो बहुतेक वेळा आतून आलेला असतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून पत्र्याच्या आतल्या बाजूला वाढलेला गंज बाहेर ढकलत येतो, सांधे फाकवतो, रंग उचलतो. फोड दिसला त्या दिवशी आतलं काम बरंच पुढे गेलेलं असतं. पुढच्या सगळ्या उत्तरांच्या मुळाशी हीच गोष्ट आहे: या गाड्या आतून बाहेर सडतात, म्हणून दुरुस्तीही आतूनच सुरू करायची.

तपासणीला तीन वस्तू पुरतात: कपड्यात गुंडाळलेलं चुंबक, लाकडी मूठ असलेला स्क्रू-ड्रायव्हर आणि दाभण. चुंबक जिथे धरत नाही तिथे लांबी (खड्डा भरायची पुटी) भरलेली आहे. (सुरुवातीच्या एमजीबीचं बोनेट अॅल्युमिनियमचं आहे. तिथे चुंबक चिकटणारच नाही, घाबरू नका.) मग स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने सिलवर पुढून मागे ठोकत जा. चांगला पत्रा टणटण वाजतो, सडलेला बद्द आवाज करतो आणि ठोकताना आत काहीतरी सरसर खाली पडल्याचं ऐकू येतं. ते गंजाचे पापुद्रे. शेवटी खाली आडवं पडून, डोळ्याला चष्मा लावून, सिलच्या तळाची कड दाभणाने टोचत जा. दाभण अडलं तर ठीक. बिस्किटात शिरावं तसं गेलं तर तिथे खूण करा आणि थांबू नका. चांगला पत्रा कुठे सुरू होतो तो सापडेपर्यंत टोचत राहा. कापायची रेघ तिथे येणार आहे.

नेमकं कुठे बघायचं?

एमजीबीत सगळ्यात आधी सिल, म्हणजे दाराखालची लांब पेटी. त्यानंतर पुढच्या मडगार्डची मागची खालची कड. चाकामागे एक आडपत्रा आहे, त्याची रबरी पट्टी गेली की चिखल थेट आत जातो आणि मडगार्ड, सिल व दाराचा खांब जिथे भेटतात त्या कोपऱ्यात साठतो. मडगार्ड बोल्टने बसवलेलं आहे. संशय असेल तर काढून बघा. आत ओंजळभर माती निघणं हे नित्याचंच. मागचं मडगार्ड वेल्डिंगचं आहे, त्याचा दारामागचा खालचा भाग बघा.

सीटमागच्या फळीखाली बॅटरी असते. १९७४ च्या सुमारापर्यंत तिथे ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असत. सांडलेल्या अॅसिडने त्यांचे पिंजरे आणि आजूबाजूचा पत्रा खाल्लेला असतो. पेट्रोलची टाकी डिकीखाली आहे. ती तळातून सडेल असं वाटतं, पण बहुधा वरून सडते, कारण टाकी आणि डिकीच्या मधल्या फटीत माती बसते आणि तिथे कधी कोणाचा हात जात नाही.

गालिच्याखाली पाणी दिसलं की लोक दाराच्या रबराला दोष देतात. एमजीबीत काचेच्या पुढे हीटरची हवा घेणारी जाळी आहे. तिच्या खालच्या पेटीला निचऱ्याची रबरी नळी असते. अंगणात कडुनिंब असेल तर त्या बारीक पानांनी ती हमखास तुंबते आणि पाणी गाडीत उतरतं. ती आधी साफ करा, नाहीतर नवा बसवलेला फ्लोअरही जाईल.

स्पिटफायरमध्ये पूर्ण बोनेट पुढे उलटतं, त्यामुळे पुढचा भाग बघणं सोपं आहे. तिथली धोक्याची जागा सीटच्या मागे आहे. मागच्या सस्पेन्शनचे दांडे त्या पत्र्याला जोडलेले असतात. तिथे सडलं असेल तर गाडी रस्त्यावर नेऊ नका. आणि चासी वेगळी आहे म्हणून सिल नुसती शोभेची, असं समजू नका. हेराल्डच्या चासीला दोन्ही कडांना लांब दांडे होते. स्पिटफायरमध्ये ते काढले आणि ते काम सिलवर सोपवलं.

फोड घासून, लांबी भरून, रंग मारला तर चालणार नाही का?

नाही. लांबी खड्डा भरते, ताकद देत नाही. शिवाय पॉलिस्टर लांबी ओल शोषते. आपल्याकडे ती पाणी मारून घासायची सवय आहे. ते पाणी थेट पत्र्यापर्यंत पोहोचतं आणि लांबीच्या मागे गंज पुन्हा सुरू होतो. क्रम असा ठेवा: चांगला पत्रा, त्यावर इपॉक्सी प्रायमर, मग गरजेपुरती पातळ लांबी, आणि घासकाम कोरडं.

जुनं काम उघडताना लांबीच्या पट्ट्यांखाली मऊ, करडा, जड धातू दिसला तर तो शिसं असू शकतो. त्या काळी कारखान्यातच काही सांधे शिशाने भरत. त्यावर ग्राइंडर फिरवू नका, धूळ विषारी असते.

रस्ट कन्व्हर्टर मारला की काम होतं असं दुकानदार म्हणतो. खरं का?

पत्रा जाड आणि शाबूत आहे, वर फक्त तांबूस थर आला आहे, तिथे उपयोग होतो. भोकं पडलेल्या पत्र्याला नाही. बाजारात मुख्यतः दोन प्रकार मिळतात. फॉस्फोरिक अॅसिडचा प्रकार गंजाचं लोह फॉस्फेट करतो, थर करडा-पांढरट दिसतो. टॅनिक अॅसिडचा प्रकार तो काळा करतो. आपल्याकडे हिरडा आणि हिराकस मिळून काळी शाई करत, तिथेही टॅनिन आणि लोहच एकत्र येत असे.

सुटा गंज तारेच्या ब्रशने पूर्ण निघाल्याशिवाय कन्व्हर्टर लावू नका, नाहीतर तो पापुद्र्याच्या वरच्या थरावरच काम करतो. आणि फॉस्फोरिक अॅसिड वापरलंत तर डब्यावर लिहिल्याप्रमाणे धुऊन, वाळवून मगच इपॉक्सी मारा. अॅसिडचा अंश राहिला की इपॉक्सी नीट धरत नाही.

लहान भागांचा गंज काढायला स्वस्त उपाय आहे का?

दोन आहेत आणि दोन्ही उत्तम आहेत.

एक, उसाची मळी, म्हणजे मोलॅसिस. गुरांचं खाद्य विकणाऱ्याकडे मिळते. एक भाग मळी, नऊ भाग पाणी, प्लास्टिकच्या पिंपात. बिजागऱ्या, ब्रॅकेट, पाने त्यात आठवडा-दोन आठवडे बुडवून ठेवायचे. मळी गंज खाते, चांगल्या लोखंडाला फारसं काही करत नाही. अॅल्युमिनियम आणि जस्ताचे भाग त्यात घालू नका. वास जबरदस्त सुटतो, म्हणून पिंप घरापासून दूर ठेवा आणि वर जाळी बांधा.

दोन, वीज. प्लास्टिकच्या टबात पाणी, त्यात धुण्याचा सोडा, १२ व्होल्टचा चार्जर. गंजलेला भाग ऋण टोकाला, साध्या लोखंडाचा तुकडा धन टोकाला, दोघांचा एकमेकांना स्पर्श नको. गंज सुटून मऊ काळा लगदा होतो. धन टोकाला स्टेनलेस स्टील लावू नका, पाण्यात क्रोमियमचे विषारी क्षार येतात. सोड्याऐवजी मीठ घालू नका, क्लोरीन वायू सुटतो. हे काम उघड्यावरच करायचं, कारण हायड्रोजन निघतो आणि तो पेट घेतो. स्प्रिंगा आणि उच्च ताकदीचे बोल्ट यात टाकू नका, हायड्रोजन शिरून ते ठिसूळ होतात.

दोन्हींतून भाग बाहेर काढला की लगेच धुऊन, पुसून, उन्हात तापवून प्रायमर मारा. संध्याकाळपर्यंत ठेवलात तर तांबूस झाक येईल.

कोणतं वेल्डिंग मशीन घ्यावं?

ज्याला गॅरेजमध्ये सीओटू वेल्डिंग म्हणतात ते, म्हणजे सतत सुटणारी तार वायूच्या आवरणात वितळवणारं. घरच्या सिंगल फेजवर चालणारी इन्व्हर्टर मशीन मिळतात. तार ०.६ किंवा ०.८ मिमी. खिडकी-गेट बनवणाऱ्याचं साधं आर्क वेल्डिंग या पत्र्याला चालत नाही. रॉड टेकवला की भोक पडतं.

विजेचा मुद्दा आपल्याकडे महत्त्वाचा आहे. शेतातले पंप सुरू असताना व्होल्टेज पडतं आणि त्याच सेटिंगवर आता नुसता वर बसणारा, न मुरलेला टाका पडतो. दिसायला तो बरा दिसतो, ठोकल्यावर निघतो. म्हणून रोज काम सुरू करण्याआधी त्याच जाडीच्या दोन पट्ट्या जोडून, पकडीत धरून वाकवून बघा. पत्रा फाटला आणि टाका टिकला तरच गाडीला हात लावा. एक्स्टेंशनची केबल जाड असू द्या आणि घरचं अर्थिंग आधी तपासून घ्या.

पत्रा कुठून आणायचा? तयार भाग मागवावेत का?

एमजीबीचं नशीब चांगलं आहे. ब्रिटिश मोटर हेरिटेज ही कंपनी मूळ साचे वापरून तिचे भाग बनवते, १९८८ पासून तर अख्खी बॉडीसुद्धा. मडगार्ड, बाहेरची सिल, दाराची कातडी (बाहेरचा पत्रा) अशा गोलाईच्या वस्तू तयार मागवाव्यात. त्या घरी ठोकत बसण्यात अर्थ नाही.

सरळ घड्यांचे भाग मात्र इथेच करून घ्या: फ्लोअरच्या पट्ट्या, सिलचा मधला पडदा, बॅटरीचे पिंजरे. जळगाव किंवा धुळ्याच्या एमआयडीसीत पत्रा वाकवणारी मशीन आहेत. गावात लोखंडी कपाटं बनवणारा असेल तर तोही हे काम सुबक करतो, कारण तो रोज सीआर (कोल्ड रोल्ड) पत्राच वाकवतो. आधी पुठ्ठ्याचा नमुना कापा, गाडीवर बसवून बघा, मग पत्र्यावर उतरवा. बाहेरच्या भागांना २० गेज (सुमारे ०.९ मिमी), भार घेणाऱ्या भागांना १८ गेज (सुमारे १.२ मिमी). जास्त जाड पत्रा घेतला म्हणजे गाडी जास्त मजबूत होते असं नाही. जाड-पातळ सांधा नीट मुरत नाही.

जीआय पत्रा नको. त्यावरचं जस्त जळून जो पांढरा धूर निघतो त्याने रात्री थंडी वाजून ताप येतो. वापरायचाच झाला तर सांध्याच्या दोन्ही बाजूंचं जस्त आधी घासून काढा.

सिल कापली की गाडी मधून वाकते म्हणतात. घरी सिल बदलणं सुरक्षित आहे का?

वाकते, आणि दार पुन्हा कधीच नीट लागत नाही. म्हणून हे उत्तर सावकाश वाचा.

एमजीबीच्या रोडस्टरला छत नाही. गाडीचा पुढचा आणि मागचा भाग एकत्र धरून ठेवण्याचं काम मुख्यतः दोन सिल आणि मधला बोगदा (दोन सीटांमधला फ्लोअरचा उंचवटा) करतात. सिल म्हणजे बाहेर दिसतो तेवढा पत्राही नव्हे. बाहेरचा पत्रा, मधला उभा पडदा, आतला पत्रा आणि तळाची रेल मिळून ती पेटी बनते. एमजीबी जीटी या पक्क्या छताच्या गाडीला छताचा थोडा आधार आहे, पण तिच्यातही वागायचं असंच.

जमीन सपाट आणि पक्की हवी. अंगणातल्या मातीत जॅक-स्टँड खचतात, शहाबादी फरशी फुटते. सिमेंटचा कोबा असलेली जागा शोधा. गाडी उचलून आधार पुढच्या रेलखाली आणि मागच्या स्प्रिंगच्या जोडाजवळ द्या, म्हणजे वजन जिथे नेहमी पडतं तिथेच पडेल. मग दार लावून चारी बाजूंच्या फटी बघा. मापं मास्किंग टेपवर लिहून टेप तिथेच चिकटवा. आता दाराच्या चौकटीत, बिजागरीच्या खांबापासून कुलपाच्या खांबापर्यंत चौकोनी पाइपचा पक्का आडवा दांडा बोल्टने किंवा टाक्याने बसवा. शक्य असेल तर दार लागू शकेल असा, आतल्या अंगाने. एका वेळी एकच बाजू. दुसऱ्या बाजूला तोपर्यंत हातही लावायचा नाही, ती कितीही सडलेली असो.

बाहेरची सिल पूर्ण बसवायची तर तिचं पुढचं टोक पुढच्या मडगार्डच्या आत आणि मागचं टोक मागच्या मडगार्डच्या आत जातं. म्हणून पुढचं मडगार्ड काढावं लागतं आणि मागच्याचा खालचा तुकडा कापावा लागतो. तो त्रास वाचवण्यासाठी अनेक ठिकाणी फक्त दिसणारा मधला भाग बदलतात, किंवा सडलेल्या सिलवरच नवी सिल चढवून रंग मारतात. विकत घेतलेल्या गाडीत असं निघण्याची शक्यता मोठी आहे. ताकद टोकांशी लागते आणि तिथेच काही केलेलं नसतं.

बाहेरचा पत्रा उघडला की आधी आतलं सगळं स्वच्छ करा. वाळलेल्या मातीची ढेकळं, गंजाचे काळे पापुद्रे, उंदराने नेलेला कापूस, कुंभारमाशीची मातीची घरटी. निचऱ्याची भोकं बहुतेक त्या घरट्यांनीच बुजलेली असतात. मधला पडदा प्रकाशासमोर धरल्यासारखा पलीकडून टॉर्च लावून बघा. उजेड टिपक्याटिपक्यांनी येत असेल तर तोही बदला.

नवा पत्रा क्लॅम्पने आणि वाइस ग्रिपने धरा, चार-सहा ठिकाणी फक्त टाके मारा आणि दार लावून बघा. टेपवरची मापं जुळली तरच पुढे. मग टाके एका रांगेत न मारता लांब लांब उड्या घेत मारायचे. एक इथे, दुसरा हातभर पलीकडे, हात लावल्यावर सोसेल इतका पत्रा निवला की मधे तिसरा. टाक्याभोवती निळी कड उमटते. दोन निळ्या कडा एकमेकींना भिडायला लागल्या म्हणजे तुम्ही घाई करताय, पत्रा आता ताणला जाऊन लाटा येणार. जिथे दोन पत्रे एकावर एक येणार तिथे आधीच जस्ताचा वेल्डिंग-प्रायमर मारून ठेवा. नंतर त्या फटीत काहीच पोहोचत नाही.

वेल्डिंग हाताला बसलेलं नसेल तर मोजमाप, कापणं, साफसफाई, जुळवणी तुम्ही करा आणि शेवटचे टाके जाणत्याला घरी बोलावून मारून घ्या. कामाचा वेळखाऊ भाग आधीचाच आहे.

आमचा डेंटर जुना आहे, गॅस आणि पितळेवर काम करतो. त्याला द्यावं का?

हातोडी-डॉलीच्या कामाला जरूर द्या. मडगार्डचा पोचा काढून मूळ गोलाई आणणारे हात आता कमी होत चालले आहेत. पत्र्यावरून नुसता तळवा फिरवून ‘भाऊ, हाऊ पत्रा सडेल शे’ सांगणारा माणूस भेटला तर त्याला चहा पाजा आणि गाडी सगळीकडून दाखवा.

सिल, फ्लोअर, सस्पेन्शनचे जोड यांना मात्र पितळेचा जोड नको. गॅसची आंच पसरते, पत्रा वाकतो. सांध्यात राहिलेला सुहागा ओल धरतो आणि पुढे कधी नीट वेल्डिंग करायचं म्हटलं तर पितळ लागलेल्या जागी टाका बसत नाही. वयाने मोठ्या मिस्त्रीला हे सांगायचं अवघड जातं. सरळ सांगावं, ‘आप्पा, मडगार्ड तुमच्याच हातचं पाहिजे, खालचं काम मी सीओटूवर करतो.’

वेल्डिंग करताना आगीची काळजी काय घ्यावी?

टाकी गाडीतून उतरवा. नुसती रिकामी करून जागेवर ठेवणं जास्त धोक्याचं, कारण आत पेट्रोलची वाफ उरते. टाकीला स्वतः कधीही वेल्डिंग करू नका. बॅटरीची दोन्ही टोकं सोडा. सीट, गालिचे, आतला कपडा बाहेर काढा. सिल आणि बोगद्यातून पेट्रोलची आणि ब्रेकची नळी कुठून जाते ते बघून ठेवा.

खानदेशातल्या घरांत आणखी एक धोका असतो: खोलीत भरलेला कापूस, अंगणात रचलेल्या पऱ्हाट्या, कडबा. ग्राइंडरची ठिणगी बरीच लांब उडते आणि कापसात ती तास-दीड तास धुमसत राहू शकते. कापूस घरात असेल त्या दिवसांत हे काम करू नका. एरवीही पाण्याची बादली, वाळू आणि अग्निशामक जवळ हवा. काम थांबवल्यावर कोणीतरी अर्धा तास तिथेच बसायचं.

ब्रेक क्लीनरने पुसलेल्या जागी लगेच वेल्डिंग करू नका. क्लोरीनयुक्त क्लीनर तापला की विषारी वायू होतो.

कोणत्या महिन्यात काय करावं?

कापणं आणि वेल्डिंग दिवाळी ते होळी. पावसाळ्यात उघडा पत्रा एका रात्रीत तांबडा होतो, म्हणून तेव्हा गाडी उघडूच नका. ते महिने लहान भाग, मळीचं पिंप आणि भाग मागवणं यासाठी ठेवा.

प्रायमर-रंगासाठी फेब्रुवारी-मार्चची सकाळ सर्वात चांगली. डिसेंबर-जानेवारीत धुळे-नंदुरबारकडे रात्री इतकं गार होतं की इपॉक्सी नीट घट्ट होत नाही. मारायचा असेल तर सकाळी नऊनंतर, ऊन खोलीत आल्यावर. मेमध्ये उलट. पारा ४४-४५ ला गेलेला असताना फवारा पत्र्यापर्यंत पोहोचायच्या आत वाळतो, पृष्ठभाग खरखरीत होतो आणि थर धरत नाही. त्यात दुपारची वावटळ.

हार्डनर घालून मारायचा टू-के किंवा पीयू रंग घरी फवारू नका. त्यातल्या आयसोसायनेटने दमा जडू शकतो आणि साधा मास्क त्याला थांबवत नाही, बाहेरून हवा पुरवणारा लागतो. तळाला ब्रशने इपॉक्सी तुम्ही लावा, वरचा रंग पेंट बूथ असलेल्याकडे द्या.

खाली जळकं ऑइल मारलं तर गंज येत नाही म्हणतात. मारू का?

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला मारतात म्हणून गाडीलाही मारतात. वापरलेल्या ऑइलमध्ये इंजिनातलं अॅसिड आणि काजळी असते, ते सस्पेन्शनचे रबर फुगवतं, धूळ धरतं आणि पुढच्या वेल्डिंगला पेटतं. त्याऐवजी पोकळ्यांसाठी मिळणारं मेण लांब नळीने सिलच्या आत फवारा. सगळं वेल्डिंग आणि रंग संपल्यावर, गाडी उन्हात तापलेली असताना, म्हणजे ते पातळ होऊन फटींत उतरतं. निचऱ्याच्या भोकांतून थेंब बाहेर आले की आत पोहोचलं. मग ती भोकं तारेने पुन्हा मोकळी करा. काळं डांबरी अंडरकोटिंग मला पसंत नाही. ते कडक होऊन तडकतं आणि त्या तडीतून शिरलेलं पाणी बाहेर दिसत नाही.

माझी एमजी जुनी, टी मालिकेतली आहे. तिलाही हेच लागू होतं का?

अर्धंच. टीसी (१९४५ ते १९४९) आणि टीडी (१९५० ते १९५३) यांची बॉडी लाकडी चौकटीवर पत्रा ठोकून केलेली आहे. मूळ लाकूड अॅश जातीचं. इथे गंजाआधी वाळवी बघा, विशेषतः दाराच्या खांबांत. नवी चौकट करताना आपल्याकडे जुना, मुरलेला सागवान सोयीचा. लाकडाला लागून असणारी पत्र्याची बाजू आधी रंगवून घ्या, आणि लाकूड काढण्याआधी चौकटीच्या प्रत्येक सांध्याचं माप आणि फोटो घ्या.

एवढा पत्रा बदलला तर आरटीओत अडचण येते का?

जुलै २०२१ पासून व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीचे वेगळे नियम आहेत. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली, खासगी वापराची दुचाकी किंवा चारचाकी त्यात बसते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, फेरनोंदणी ५,००० रुपये, आणि क्रमांकात ‘व्हीए’ अक्षरं येतात. अट अशी की गाडी मूळ स्वरूपात हवी. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे बदल केलेले नसावेत. अशी नोंदणी घेतली की ती रोजच्या वापराला चालत नाही.

म्हणून दुरुस्ती मूळ आकारातच करा, कापण्याआधी आणि नंतरचे फोटो ठेवा, भागांच्या पावत्या जपा. चासी नंबरची पट्टी ज्या पत्र्यावर आहे तो पत्रा बदलायची वेळ आलीच तर आधी तुमच्या आरटीओत लेखी विचारा. ती पट्टी काढून ड्रॉवरमध्ये ठेवली आणि हरवली, तर पुढचा त्रास गंजापेक्षा मोठा.

पावसाळ्यात गाडी कशी ठेवावी?

शेडमध्ये, कोब्यावर, हवा खेळती ठेवून. प्लास्टिकची ताडपत्री अंगाला लागेल अशी कधीच नको, आत घाम धरतो. जाड मांजरपाटाचं कव्हर शिवून घ्या. चाकांच्या कमानी जूनच्या आधी धुऊन काढा. बोअरचं पाणी क्षाराचं असेल तर शेवटचा हात पावसाच्या साठवलेल्या पाण्याने मारा. काचा बोटभर उघड्या, आणि उंदरांसाठी सापळा.

काम झाल्यावर किती दिवसांनी पुन्हा बघायचं?

पहिला पावसाळा संपला की दसऱ्याच्या सुमारास. त्या दिवशी गाडी धुतातच, तेव्हा खालीही आडवं पडून बघा. सिलची निचऱ्याची भोकं तारेने मोकळी करा, त्यातून पाणी आलं की कुठून शिरतंय ते शोधा. नव्या सांध्यांवर नख फिरवा. रंग उचललेला वाटला तर तेवढाच भाग उघडून लगेच इपॉक्सी लावा. आतलं मेण दोन-तीन वर्षांनी पुन्हा फवारा. गालिच्याखालचा फ्लोअर तर दर पावसाळ्यात महिन्यातून एकदा हाताने चाचपायचा, आणि ओला लागला तर गालिचा त्याच दिवशी बाहेर काढायचा.